47 दिवस कोणी प्रश्नच विचारला नाही

छळाच्या समर्थनार्थ बहुतेक वेळा एकच प्रसंग रंगवला जातो. शहरात बॉम्ब पेरलेला आहे, घड्याळाचा काटा पुढे सरकतोय आणि बॉम्ब कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस ताब्यात आहे. आता नियम पाळायचे की माणसं वाचवायची? असा पेच टाकला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. 11 सप्टेंबर 2001च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत हा प्रसंग विद्यापीठांपासून टीव्ही मालिकांपर्यंत सगळीकडे चर्चेत होता. त्याच काळात तिथल्या सरकारने कैद्यांच्या छळाला कागदोपत्री परवानगी दिली. ते कागद आणि त्यांच्या तारखा आता उघड आहेत. वेळच नव्हता हा पहिला आणि सगळ्यांत मोठा गैरसमज त्या तारखांपुढे टिकत नाही.

अल-कायदाचा बडा हस्तक समजला गेलेला अबू झुबैदा 28 मार्च 2002 रोजी पाकिस्तानात फैसलाबादला पकडला गेला, तोही गोळ्या लागून गंभीर जखमी अवस्थेत. सुरुवातीला एफबीआयचे अधिकारी अली सुफान आणि त्यांचे सहकारी त्याच्याशी बोलले. त्याची शुश्रूषा करत, त्याचा विश्वास मिळवत ते प्रश्न विचारत गेले. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आहे, हे याच बोलण्यातून कळलं. पुढे सीआयएने सूत्रं हाती घेतली आणि जून 2002च्या मध्यापासून झुबैदाला एकांतात ठेवलं. सलग 47 दिवस त्याला कोणीही एक प्रश्न विचारला नाही. या काळात वॉशिंग्टनमध्ये परवानगीचे मसुदे तयार होत होते. 1 ऑगस्टला न्याय खात्याने सही केली आणि 4 ऑगस्टला छळ सुरू झाला. त्या एका महिन्यात त्याला 83 वेळा वॉटरबोर्डिंग केलं गेलं. खरोखर बॉम्बची टिकटिक ऐकू येत असती, तर दीड महिना गप्प कोण बसलं असतं?

दुसरा गैरसमज शब्दांचा आहे. सरकारचं म्हणणं होतं की हा छळ नाही, ही ‘वाढीव चौकशी’ आहे. न्याय खात्याच्या 1 ऑगस्टच्या मतपत्रात छळाची व्याख्याच इतकी अरुंद केली होती की अवयव निकामी होताना किंवा मरताना होतील तितक्या वेदना झाल्या, तरच तो शारीरिक छळ ठरावा. प्रत्यक्षात काय चालत होतं? तोंडावर कापड टाकून माणूस गुदमरेपर्यंत पाणी ओतायचं, हेच वॉटरबोर्डिंग. शवपेटीएवढ्या खोक्यात कोंडायचं. उभं करून 180 तासांपर्यंत, म्हणजे साडेसात दिवस, झोपू द्यायचं नाही. नोव्हेंबर 2002 मध्ये अफगाणिस्तानातल्या गुप्त तुरुंगात गुल रहमान नावाचा कैदी अर्धनग्न अवस्थेत उघड्या फरशीवर साखळदंडात थंडीने मेला. पाण्याचा असाच छळ फिलिपिन्समध्ये केल्याबद्दल 1902 मध्ये अमेरिकेच्याच लष्करी न्यायालयाने एका मेजरला दोषी ठरवलं होतं. त्याही आधी, 1863 मध्ये लिंकनच्या काळात सैन्यासाठी काढलेल्या संहितेत लष्करी गरजेच्या नावाखालीसुद्धा कबुलीसाठी छळ करायला मनाई होती.

‘पण माणूस बोलतो की!’ हे आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. थर्ड डिग्री दाखवली की आरोपी पोपटासारखा बोलू लागतो, असं आपण सहज म्हणतो. बोलतो हे खरंच आहे. तो जे बोलतो ते खरं असतं का, एवढंच आपण विचारत नाही. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला चौकशीसाठी इजिप्तच्या ताब्यात दिलं होतं. इराक अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो, असं तो तिथे म्हणाला. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हा दावा जगापुढे ठेवला आणि पुढच्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. मार थांबावा म्हणून आपण खोटं बोललो, असं लिबीने 2004 मध्ये सांगितलं. तोवर हल्ला होऊन गेला होता.

याचं आश्चर्य वाटायला नको. सीआयएने वापरलेल्या पद्धती अमेरिकी सैनिकांच्या एका प्रशिक्षणातून उचलल्या होत्या. शत्रूच्या हाती पडल्यास तग कसा धरावा हे त्यात शिकवत, आणि त्यासाठी कोरियन युद्धात चिनी कम्युनिस्टांनी अमेरिकी कैद्यांवर वापरलेल्या क्लृप्त्यांचा आधार घेतला होता. त्या क्लृप्त्यांचा हेतूच खोटे कबुलीजबाब मिळवणं हा होता.

ओसामा बिन लादेनचा माग छळातूनच लागला, हाही समज पक्का बसला आहे. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अहवालाचा सारांश 9 डिसेंबर 2014 रोजी प्रसिद्ध झाला. त्यानुसार ज्या निरोप्यामुळे ओसामा सापडला, त्याच्याबद्दलची सर्वांत अचूक माहिती हसन गुल या कैद्याने छळ सुरू होण्याआधीच दिली होती. समितीचे अनेक निष्कर्ष सीआयएला मान्य नव्हते, हेही नोंदवायला हवं. पण हा अहवाल सीआयएच्या स्वतःच्याच लाखो पानांच्या कागदपत्रांवर उभा आहे. ताब्यात घेतलेल्या 119 जणांपैकी किमान 26 जणांना ठेवायला आधारच नव्हता, हेही त्यातच दिसतं.

इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं एप्रिल 2004 मध्ये बाहेर आली, तेव्हा ती मूठभर बहकलेल्या शिपायांची करणी ठरवली गेली. पण त्याआधीच, डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी क्युबातल्या ग्वांतानामो तुरुंगासाठी कैद्यांना विवस्त्र करणं, कुत्र्यांची भीती घालणं अशा पद्धतींना मंजुरी दिली होती. ती काही आठवड्यांतच मागे घेतली, पण त्या पद्धती अफगाणिस्तान आणि इराकपर्यंत पोहोचल्या होत्या. शिक्षा झाली ती खालच्या हुद्द्यांना.

दहशतवादी गणवेशातले सैनिक नाहीत, म्हणून जिनिव्हा करार त्यांना लागू नाही, असाही युक्तिवाद होता. त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळावा का, यावर वाद होऊ शकतो. पण कैद्यांच्या छळाला मनाई करणारं कराराचं सामाईक कलम 3 त्यांनाही लागू होतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2006 मध्ये दिला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारात तर युद्धाचं कारणही चालत नाही. भारताने त्यावर 1997 मध्ये सही केली, पण अनुसमर्थन आजवर दिलेलं नाही, हे मला सलत राहतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व तर आपल्या कायद्यात 1872 पासून आहे.

छळाने नुकसान झालं तर दहशतवाद्याचंच, हा शेवटचा समज. ऑक्टोबर 2000 मध्ये एडनच्या बंदरात ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला आणि 17 नौसैनिक मारले गेले. प्रमुख आरोपी अल-नशिरी 2002 पासून कोठडीत आहे. ग्वांतानामोत त्याने पुढे दिलेली कबुली सीआयएने आधी केलेल्या छळाने दूषित झाली आहे, असं सांगत लष्करी न्यायाधीशांनी ऑगस्ट 2023 मध्ये ती पुराव्यातून वगळली. तोवर त्या 17 जणांच्या घरच्यांना न्यायासाठी वाट पाहत 23 वर्षं होत आली होती.