ओळखीच्या शब्दांचा चकवा

मागे एकदा आमच्या शाळेतील एका मुलाने आपल्या वडिलांसाठी मराठीत अर्ज लिहिला. वडील तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला होते. तेथे एका सोबत्याशी त्यांचे भांडण झाले आणि पुढे समेटही झाला. ‘तसे लिहून द्या,’ असे साहेबांनी सांगितले. मुलाने लिहिले, ‘मी राजीनामा देत आहे.’ उर्दूत राज़ीनामा म्हणजे समेटाचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडत असल्याचे पत्र! अर्ज देण्यापूर्वी मुलगा तो मला दाखवायला आला, म्हणून बरे झाले.

मराठीत फारसी-अरबी शब्द पुष्कळ आहेत. बहामनी, निजामशाही, आदिलशाही या राजवटींच्या कारभारात फारसीचा वापर होता. तेथून हे शब्द लोकांच्या बोलण्यात उतरले. वकील, तारीख, जमीन, कागद असे शब्द धड्यात भेटले की तुम्हांला हायसे वाटते. पण काही शब्दांनी मराठीत येऊन आपला अर्थ बदलला आहे. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत मात्र ‘त्याने प्रयत्नांची शिकस्त केली’ हे कौतुक आहे. ‘तालीम’ म्हणजे मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. ‘खाली’ हा शब्द तर रोज फसवतो. ‘बाई, माझा डबा खाली आहे,’ असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा शाळेत नव्यानेच आलेल्या बाईंनी बाकाखाली वाकून पाहिले. तिला ‘रिकामा’ म्हणायचे होते.

अर्थ तोच राहिला तरी लिंग बदलते. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आहे. ‘दुकान’ उर्दूत मुअन्नस, म्हणून मुले ‘दुकान उघडली’ असे लिहितात. मराठीत दुकान ‘उघडले’. ‘आवाज’ उर्दूत मुअन्नस, मराठीत पुल्लिंगी. ‘पाणी आला’ नव्हे, ‘पाणी आले’. हे ओळखण्याचा पक्का नियम मला तरी सापडलेला नाही. शब्द पाठ करतानाच ते दुकान, तो आवाज, ते पाणी असे म्हणावे.

‘मैंने’वरून कोणी ‘मीने’ लिहितात. मराठीत नुसते ‘मी’ पुरते. ‘हम’साठी मात्र मराठीत दोन शब्द आहेत. मित्राला ‘आम्ही जत्रेला जाऊ’ म्हटले, तर तो बिचारा घरीच राहील. त्यालाही न्यायचे असेल तर ‘आपण’ म्हणावे.

उर्दू लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही. त्यामुळे ‘मला वेळ नाही’चे ‘मला वेल नाही’ होते. ‘लड़का’ म्हणताना जीभ जेथे वळते, तेथून ‘ळ’चा सराव सुरू करावा. ‘जोर’, ‘बाजार’ यांतील ‘ज’ तुम्हांला शिकवावा लागत नाही. तो उर्दूतील ‘ज़’ला अगदी जवळचा आहे. पण ‘चाक’, ‘चूक’ यांतील ‘च’ उर्दूत नाही. तो कानांनीच उचलावा लागतो, आणि पनवेलच्या बाजारात मासळीवाल्या मावशींच्या तोंडून तो जितका चांगला ऐकायला मिळेल, तितका माझ्याकडून मिळणार नाही.