द्राक्षवेलीवरील केवडा कसा ओळखावा

आमच्या पनवेलीकडे द्राक्षांची शेती होत नाहीं. परंतु परसांतील मांडवावर हौसेनें चढविलेली एखादी वेल आढळते, आणि नाशिक-सांगलीकडे ज्यांच्या आप्तांच्या बागा आहेत अशीं घरेंही येथें आहेत. पानांवर पांढरें कांहीं दिसलें कीं ‘भुरी आली’ असें ठरवून गंधक मारण्याची घाई होते. आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं पान उलटून पाहावें. तो केवडा असेल तर गंधकानें त्याचें कांहींच बिघडत नाहीं, आणि तेवढ्या दिवसांत कोवळे घड हातचे जातात.

केवड्याची पहिली खूण पानाच्या वरच्या अंगास दिसते. तेलाचा थेंब सांडावा तसे फिकट पिवळे डाग पडतात. पान उजेडासमोर धरल्यास ते स्पष्ट होतात. दमट रात्रीनंतर सकाळीं नेमक्या त्याच डागांखालीं, पानाच्या पाठीवर, पांढरी लव उठते. पुढें डाग तपकिरी होऊन वाळतात. घडावर हीच लव आली म्हणजे मणी सुकून गळतात. नांव मात्र सुगंधी फुलाचें!

भुरी राखेसारखी पानाच्या दोन्ही अंगांस बसते व बोटानें पुसली जाते. ती पडलेले मणी तडकतात. ढगाळ पण कोरडी हवा तिला पुरते. केवड्यास ओलें पान हवें. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला कीं त्याचें फावतें. नोव्हेंबर २००९ मध्यें आमच्याच किनाऱ्यावर आलेल्या ‘फयान’ वादळाच्या सुमारास नाशिकच्या बागाईतदारांनीं हें सोसलें आहे.

हा रोग मूळचा अमेरिकेंतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्सांत शिरला. तेथें मेदॉक प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींस मोरचूद व चुना फांसत. त्याच वेलींचीं पानें शाबूत राहिल्याचें मिलार्दे या प्राध्यापकांनीं १८८२ मध्यें पाहिलें, आणि १८८५ मध्यें बोर्डो मिश्रण जगापुढें आलें. चोरांच्या भयानें औषध सांपडावें, ही मौजच!

घरच्या वेलीस १ लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना पुरे. दोन्ही मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत निरनिराळीं भिजवून, गाळलेल्या चुन्यांत मोरचुदाचें पाणी हळूहळू ओतावें. मिश्रणांत बुडविलेला लोखंडी खिळा तांबूस झाला तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें, पानांच्या पाठीवरही फवारावें; ऐन फुलोऱ्यांत मात्र मारूं नये. मोठी बाग असल्यास मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. रोगट पानें वेलीखालीं पडूं न देतां दूर नेऊन खोल पुरावीं.