आमवात असताना पडलात तर

पावसाळ्यात कन्नड तालुक्याकडच्या अंगणात चिखल होतो, आणि मोरीतली फरशी तर बारा महिने ओली. धडधाकट माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. आमवात असलेल्याचं तसं नसतं. आमवात म्हणजे सांध्यांचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. त्या दाहाने आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं.

घरचे घाबरून काखेत हात घालून उचलायला धावतात. तसं करू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर माणसाला हलवूच नका, 108 ला फोन करा. तसं काही नसेल तर दोन मिनिटं पडून राहू द्या. मग कुशीवर वळून, तळहातावर नव्हे तर कोपरापासूनच्या हातावर भार देऊन, खुर्चीच्या आधाराने सावकाश उठायचं. वाकड्या बोटांचा, सुजलेल्या मनगटाचा हात अंगाचा भार पेलत नाही.

खरी गफलत पुढे होते. "वाताचंच दुखणं आहे" म्हणून दुखरा पाय शेकत बसतात. वाताची कळ बहुधा अनेक सांध्यांत असते. एकाच जागी अचानक सूज आली, पाय टेकवेना, तर एक्स-रे हवाच. कन्नडहून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय साठेक किलोमीटर आहे, पण वेळ घालवू नका. औषधांच्या पट्ट्या सोबत न्या आणि स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. ते मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आणि वेदनाशामक गोळ्यांचा डोस मनाने वाढवणंही.