आधी आजी-आजोबा

काशीत दशाश्वमेध घाटावरून केदार घाटाच्या रोखाने काठाकाठाने निघालं की पांडे घाटानंतर थोड्याच अंतरावर राजा घाट लागतो. (शहराच्या उत्तर टोकाला, मालवीय पुलापाशी आहे तो राजघाट वेगळा.) हा घाट मराठी माणसांनी उभा केलेला आहे. त्याला दगडी रूप दिलं अमृतराव पेशव्यांनी. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र. 1803 मध्ये इंग्रजांशी करार करून, सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन ते पुढे काशीला स्थायिक झाले आणि 1824 मध्ये वारले. पूर्वी हा घाट अमृतराव घाट म्हणूनच ओळखला जाई. त्याला लागून असलेला नारद घाट बांधला दत्तात्रेय स्वामींनी.

अमृतरावांच्या आधी आणि नंतरही मराठी माणसं काशीला येत राहिली: कुणी विद्येसाठी, कुणी पौरोहित्यासाठी आणि कितीतरी जण उतारवयात, काशीवासाला. आयुष्याची अखेर इथे व्हावी म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम येऊन राहतात, असं हे शहर आहे. 2021 च्या मार्चमध्ये सरकारने साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा इथल्या घाटांच्या वरच्या गल्ल्यांत राहणाऱ्या वृद्धांपुढे पहिली अडचण होती ती अंतराची. वाड्याचा अरुंद जिना, मग गल्ली, मग पायऱ्या. रिक्षा दारापर्यंत येत नाही. गुडघे धरलेल्या माणसाला मोठा रस्ता गाठणं हाच प्रवास असतो, लसीकरण केंद्र त्याच्याही पुढे.

याच शहरातून एके काळी टोचणारे लोक निघत आणि घरोघर जात. जॉन हॉलवेल या इंग्रज वैद्याने 1767 मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्ससाठी बंगालमधल्या देवी टोचण्याच्या पद्धतीचा वृत्तांत लिहिला. त्यात तो सांगतो, की वृंदावन, अलाहाबाद आणि बनारस इथल्या विद्यापीठांतून ब्राह्मण टोचणारे दरवर्षी तीन-चार जणांच्या टोळ्या करून दूरदूरच्या प्रांतांत पाठवले जात. देवीची साथ येण्याच्या आधी ते पोचत. लोकांनी महिनाभर मासे, दूध आणि तूप वर्ज्य करून तयारीत राहायचं. टोचणारे दारोदार फिरत आणि दारातच काम उरकत. आदल्या वर्षीच्या फोडांतला पू कापसात धरून ठेवलेला असे, त्यावर गंगाजलाचे दोन-तीन थेंब टाकून तो हातावर बांधत. पद्धत जोखमीची होती, कारण टोचलेल्याला खऱ्याच देवी येत, फक्त सौम्य. आणि त्या काळात त्याच्यापासून इतरांना लागण होऊ शके. जेन्नरची गोस्तन देवीची लस त्याहून कितीतरी सुरक्षित. ती बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईत आली आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लसीच्या गुणाबद्दल वाद नाही. पण टोचणाऱ्याने दारात जायचं की टोचून घेणाऱ्याने बाहेर पडायचं, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे, आणि तो सर्वांत जास्त छळतो तो म्हाताऱ्यांना.

भारतातलं लसीकरण तेव्हापासून बव्हंशी मुलांचंच राहिलं. प्लेगच्या वेळी शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग ती मोठ्यांनाही दिली गेली. त्याच साथीत पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. 10 मार्च 1897. त्या साठी ओलांडलेल्या होत्या. पण साथ ओसरली आणि मोठ्यांना टोचण्याची सवय काही अंगी मुरली नाही. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तो बाळांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी. शीतसाखळी, नर्सबाई, आशाताई, अंगणवाडी, पल्स पोलिओचे रविवार, दारावर खडूने केलेली खूण हे सगळं मुलांच्या मापाने बेतलेलं. मुलाला कडेवर घेऊन आणता येतं. ते हट्ट करतं, पण त्याला विचारावं लागत नाही. त्याला मधुमेह नसतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू नसतात, आणि ‘आता माझं काय राहिलंय’ असं ते म्हणत नाही.

2021 मध्ये याच यंत्रणेला सांगण्यात आलं, की आता आधी आजी-आजोबा.

क्रम उलटा करण्याला कारण होतं. मुख्यतः श्रीमंत देशांतली माहिती एकत्र करून 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लागण झालेल्यांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचं प्रमाण 55 व्या वर्षी सुमारे 0.4 टक्के, 65 व्या वर्षी 1.4, 75 व्या वर्षी 4.6 आणि 85 व्या वर्षी 15 टक्के निघालं. वय वाढतं तशी शरीराची नव्या विषाणूला ओळखण्याची शक्ती मंदावते. छातीतली थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते आणि नव्या टी-पेशींचा पुरवठा आटतो. म्हणून ब्रिटनने 8 डिसेंबर 2020 रोजी चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस कॉव्हेंट्रीत 90 वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना दिली. इंडोनेशियाने मात्र सुरुवातीला कामकरी वयाच्या लोकांना पुढे घेतलं. आपण पहिल्या वाटेने गेलो. 16 जानेवारी 2021 पासून आरोग्य कर्मचारी, पाठोपाठ पोलीस आणि सफाई कामगारांसारखे आघाडीवरचे लोक, आणि 1 मार्चपासून साठीच्या वरचे सगळे, शिवाय 45 ते 59 मधले सहव्याधी असलेले. त्याच दिवशी वाराणसीचे खासदार असलेल्या पंतप्रधानांनी दिल्लीच्या एम्समध्ये कोव्हॅक्सिन घेतली आणि ऐंशी वर्षांच्या शरद पवारांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लस घेतली.

वर्षभर घराबाहेर पाऊल न टाकलेली माणसं त्या मार्चमध्ये बाहेर पडली. हे मी विसरू शकत नाही. 65 च्या पुढच्यांनी घरातच राहावं, असं मार्च 2020 पासून सांगितलं जात होतं. बागेतला कट्टा बंद, देऊळ बंद, भजनी मंडळ बंद. माझ्या आईबरोबर मी केंद्रावर गेले तेव्हा रांगेतल्या कितीतरी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या दिसल्या. पोलकं मुद्दाम सैल बाहीचं, कारण आदल्या दिवशी जाऊन आलेल्या कुणीतरी शेजारणीने बजावलेलं असायचं, ‘दंड वर करता आला पाहिजे हं.’ नर्सबाई प्रत्येकीला विचारत, ‘आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ मग पिशवीतून प्लास्टिकची दुसरी पिशवी निघे आणि तिच्यातून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई काढल्यावर कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायला सांगत. कुणाचं बीपी भीतीनेच चढलेलं असे. त्यांना पंख्याखाली बसवून पुन्हा मोजत. आणि टोचल्यानंतरचा तो निरीक्षणाचा अर्धा तास! यंत्रणेच्या लेखी तो काही त्रास होतो का ते पाहण्याचा वेळ. पण तिथे खुर्च्यांवर अंतर राखून बसलेली माणसं मास्कमधूनच एकमेकांना ओळखत होती, कोण गेलं, कोण वाचलं ते विचारत होती. वर्षभरात पहिल्यांदा आपल्या वयाच्या माणसांशी बोलणं होत होतं. परिचारिकेने ‘झाला वेळ, निघा आता’ म्हटल्यावरही आई उठेना.

तिथवर पोचणं मात्र सोपं नव्हतं. नोंदणी कोविन या सरकारी पोर्टलवर. मोबाइलवर ओटीपी येणार, तो ठरावीक वेळात टाकायचा. एका क्रमांकावर चार जणांची नोंद करण्याची सोय होती, म्हणजे इमारतीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या फोनवर सगळ्या मजल्यांवरचे आजी-आजोबा. पोर्टल सुरुवातीला इंग्रजीतच. मराठीसह भारतीय भाषा आल्या त्या जूनमध्ये, म्हणजे साठीच्या वरच्यांची पाळी सुरू होऊन तीन महिने उलटल्यावर. माझ्या मते ही सर्वांत न पटणारी चूक. ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांना वाचता येईल अशी पाटीच दारावर नव्हती.

दुसऱ्या डोसचा हिशेबही सारखा बदलत राहिला. कोविशील्ड या लसीच्या दोन डोसांतलं अंतर आधी 28 दिवस, मार्चच्या अखेरीस सहा ते आठ आठवडे, 13 मे रोजी बारा ते सोळा आठवडे. शास्त्रीय आधार होता. अंतर वाढवल्याने संरक्षण चांगलं मिळतं असं परदेशांतल्या माहितीवरून दिसत होतं. पण कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून बसलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला ते कुणी समजावून सांगितलं नाही. त्यातच एप्रिलमध्ये तुटवडा पडला, मुंबईतली कितीतरी केंद्रं बंद ठेवावी लागली, आणि ‘लस उपलब्ध नाही’ हा फलक वाचून उन्हात माघारी फिरणारे वृद्ध रोज दिसू लागले.

खेड्यात अडचण वेगळी. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. त्यामुळे दहा जण जमेपर्यंत बाटली उघडायची नाही. पाच-सहा म्हातारी माणसं उपकेंद्राच्या ओट्यावर बसून राहायची आणि आशाताई उरलेल्यांना गोळा करायला वस्तीवर जायच्या. तिथे त्यांना ठरलेलं उत्तर मिळे: आम्ही पिकली पानं, तरण्यांना द्या. याला अज्ञान म्हणून हिणवणारे भेटले, पण मला ते कधी पटलं नाही. घरातला कमावता हात आधी वाचावा, हा विचार त्या माणसांनी आयुष्यभर केला होता. तो बदलला तो नातवंडाचा दाखला दिल्यावर: तुम्हाला झालं तर तुमच्यापाशी कोण थांबणार, कुणाची रोजी बुडणार?

आणि मग एप्रिल-मे 2021 ची लाट आली. काशीत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चितांना जागा पुरेना. बनारस घराण्याचे गायक पंडित राजन मिश्र सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना 25 एप्रिल रोजी दिल्लीत कोरोनाने गेले. काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात डीआरडीओने उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं. काशीला मरण यावं ही इच्छा ठेवणं वेगळं आणि प्राणवायू मिळाला नाही म्हणून मरणं वेगळं, हे त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनी दिसलं.

काशीसारख्या ठिकाणी आणखी एक गट होता: ज्यांच्याजवळ कागदच नाहीत. घर सोडलेले साधू, घाटावर मागून खाणारे, वृद्धाश्रमात कुणीतरी आणून सोडलेले. आधार नाही, मतदार ओळखपत्र नाही, फोन तर नाहीच. त्यांच्यासाठी केंद्राने मे 2021 च्या सुरुवातीला कार्यपद्धती जाहीर केली. साधुसंत, कैदी, मनोरुग्णालयांतले रुग्ण, वृद्धाश्रमांतले रहिवासी आणि रस्त्यावरचे भिक्षेकरी यांना ओळखपत्राशिवाय लस द्यावी. फक्त प्रत्येक गटामागे फोन आणि ओळखपत्र असलेला एक जबाबदार माणूस असावा आणि त्याच्या नावाने नोंद व्हावी, अशी ती योजना. या साऱ्या धावपळीत मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. म्हातारपणी लस मिळते ती मध्ये कुणीतरी उभं असलं तर, हे सरकारी कागदावर पहिल्यांदा मान्य झालं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. दोन वकिलांनी जनहित याचिका केली, की 75 च्या पुढच्यांना, अपंगांना आणि अंथरुणावरून उठू न शकणाऱ्यांना घरी जाऊन लस द्या. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्यापुढे ती चालली. केंद्राचं म्हणणं, घरोघर फिरताना लस वाया जाईल, शीतपेटी वारंवार उघडावी लागेल, कुणाला तीव्र प्रतिक्रिया आली तर सांभाळणार कोण. त्याऐवजी घराजवळ केंद्रं काढू. यातली प्रत्येक शंका रास्त होती. पण केरळसारखी राज्यं आणि मुंबईच्या शेजारची वसई-विरार महापालिका हे काम करत असल्याकडे न्यायालयाने बोट दाखवलं. घराजवळचं केंद्र चालू शकणाऱ्याला उपयोगी; जो कूस बदलू शकत नाही त्याला शंभर पावलं आणि शंभर कोस सारखेच. अखेर जुलै संपता संपता मुंबईत महापालिकेची पथकं अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागली आणि सप्टेंबरमध्ये केंद्रानेही देशभर तशी मुभा दिली. साठीच्या वरच्यांचं लसीकरण सुरू झाल्याला तोवर सहा महिने उलटून गेले होते आणि मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती.

वृद्ध मागे राहिले तर काय होतं, ते हाँगकाँगने पुढच्याच वर्षी पाहिलं. लस मुबलक, शहर श्रीमंत, दवाखाने उत्तम. पण 80 च्या पुढच्या बहुतेकांनी 2021 अखेर लस घेतलेलीच नव्हती. दुष्परिणामांची भीती, आणि साथ आटोक्यात असल्याने घाई कशाला ही भावना. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओमायक्रॉन शिरला तेव्हा काही आठवडे तिथला मृत्युदर जगात सर्वाधिक होता आणि गेलेल्यांत बहुसंख्य वृद्ध, लस न घेतलेले होते.

आपल्याकडे 10 जानेवारी 2022 पासून सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना तिसरा, प्रिकॉशन डोस मिळू लागला. 16 मार्चपासून सहव्याधीची अट निघाली. या डोसाला गर्दी कमी होती. साथ सरल्यासारखी वाटत होती आणि घरोघर आग्रह करणारी माणसं आपापल्या जुन्या कामाला परतली होती.

त्यानंतर वृद्धांच्या लसीकरणात एक महत्त्वाचा प्रयत्न झाला. 2024 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत प्रौढांना बीसीजी देऊन पाहण्यात आली, आणि क्षयाचा धोका जास्त म्हणून निवडलेल्या गटांत साठीच्या पुढचे होते. एरवी चित्र जुनंच आहे. कोविनच्या अनुभवावर उभं राहिलेलं यू-विन गरोदर स्त्रियांची आणि मुलांची नोंद ठेवतं. न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस बाळाला सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्याच घरातल्या सत्तरीच्या आजोबांना न्यूमोनियाची किंवा दरवर्षीची फ्लूची लस हवी असेल तर खासगी डॉक्टरकडे पैसे मोजून घ्यावी लागते, तीही कुणी आठवण केली तर. पावसाळ्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा या दोन लसींबद्दल आवर्जून विचारा, आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा.