पडद्यामागचं पाणी

मोबाइलच्या स्क्रीनखाली ओलसर डाग दिसला की घरात उपायांची रांग लागते. कुणी तांदळाचा डबा काढतं, कुणी हेअर ड्रायर आणतं, कुणी फोन गच्चीत उन्हाला ठेवायला सांगतं. यांतले बरेचसे उपाय निरुपयोगी आहेत आणि काही तर वाचण्यासारखा फोन घालवणारे. सगळ्यांच्या मुळाशी समजूत एकच: डाग म्हणजेच बिघाड, डाग गेला की संकट टळलं. प्रत्यक्षात स्क्रीनवर दिसणारं पाणी बहुतेक वेळा फोनमधल्या सर्वांत निरुपद्रवी जागी अडकलेलं असतं. फोन जगणार की जाणार हे ठरतं ते न दिसणाऱ्या दोन-चार थेंबांवर, आणि ते थेंब किती वेळ विजेच्या संपर्कात राहिले यावर.

‘डाग दिसतोय, म्हणजे आत पाणी गेलंय’

आधी स्क्रीन गार्ड काढून पाहा. टेम्पर्ड ग्लास आणि मूळ काच यांच्यामध्ये कडेने शिरलेलं पाणी हुबेहूब आतल्या पाण्यासारखं दिसतं. गार्ड काढून काच पुसली आणि डाग गेला, तर प्रश्न तिथेच मिटला. गार्ड नवा बसवता येतो.

पावसात स्क्रीन आपोआप चालू लागते, न दाबलेली बटणं दाबली जातात, तेव्हाही पाणी आत शिरलंच असं नाही. आजचा टच बोटाचा दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक वाहकांची बारीक जाळी असते आणि बोट जवळ आल्यावर तिथल्या विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ती टिपते. पाण्याचा थेंबही असाच बदल घडवतो, त्यामुळे फोनला तो बोटच वाटतो. कोरड्या मऊ कापडाने पुसल्यावर स्क्रीन नीट वागू लागली तर काळजीचं कारण नाही.

फोन पडल्यानंतर उमटलेला आणि दिवसेंदिवस वाढत जाणारा काळा-जांभळा डाग ही तिसरी गोष्ट. तोही पाण्याचा नसतो. एलसीडी स्क्रीनमध्ये आतल्या काचेला तडा जाऊन द्रवस्फटिक पसरलेला असतो. ओएलईडी असेल तर तड्यातून शिरलेली हवा आणि बाष्प प्रकाश देणारा सेंद्रिय थर मारत नेतात. हा डाग कितीही वाळवला तरी जात नाही, डिस्प्ले बदलावाच लागतो. असा फोन आठवडाभर तांदळात ठेवून वाट पाहणारी माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांचा तो आठवडा पूर्ण वाया गेलेला असतो.

मग खरं पाणी कुठे साचतं? चांगल्या फोनमध्ये वरची काच, टचची जाळी आणि डिस्प्ले हे तिन्ही थर पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. त्यांच्यामध्ये पाण्याला जागाच नसते. पण एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या मागे एका कडेला एलईडी दिवे, तो प्रकाश सगळीकडे नेणारी पारदर्शक पाटी आणि वर प्रकाश सारखा पसरवणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या दोन-तीन फिल्म असतात. या फिल्म एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. कडेने एक थेंब आला तरी ओल्या काचेवर दुसरी काच ठेवल्यावर पाणी जसं क्षणात सगळीकडे धावतं, तसं ते या फिल्ममध्ये ओढलं जातं. जिथे हवेची जागा पाण्याने घेतली तिथे प्रकाश वेगळा वळतो, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर नागमोडी कडांचा फिकट डाग दिसतो. स्वस्त टॅबलेटमध्ये आणि जुन्या साध्या आयपॅडमध्ये टचची काच आणि एलसीडी यांच्यामध्ये हवेची पोकळी असते, तिथेही पाणी साचून चक्क थेंबांसारखं दिसतं.

ओएलईडी स्क्रीनला मागचे दिवे नसतात, फिल्म नसतात. त्यामुळे तिथे पाणी शिरलं तरी असा डाग सहसा दिसत नाही. रेषा येतात, रंग हिरवट होतो किंवा स्क्रीन एकाएकी काळी पडते. डाग नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

‘तांदूळ पाणी शोषून घेतो’

हा समज इतका खोल रुजला आहे की तो खोडायला एका कंपनीला अधिकृत सूचना काढावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने आपल्या मदत-पानावर स्पष्ट लिहिलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण फोनला इजा करू शकतात. हे कण, आणि त्यांच्यासोबत येणारी पिठूळ भुकटी, चार्जिंगच्या खाचेत आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसते. तिथे ओल असली की तिचा लगदा होतो.

पण भुकटीपेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. घरात साठवलेल्या तांदळात वजनाच्या साधारण १२ ते १४ टक्के ओलावा मुळातच असतो. भोवतालच्या हवेशी त्याचा समतोल झालेला असतो, त्यामुळे आणखी ओलावा ओढण्याची ताकद त्याच्यात फार उरत नाही. कोकणात जुलै महिन्यात, जेव्हा हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि फोन भिजण्याची शक्यताही सर्वाधिक असते, तेव्हा तर डब्यातला तांदूळ स्वतःच दमट झालेला असतो. शिवाय तांदूळ असो वा सिलिका जेल, दोघांनाही फक्त हवेतली वाफ घेता येते. दोन फिल्मच्या फटीत धरून ठेवलेलं पाणी बाहेर ओढून काढणं दोघांच्याही आवाक्यात नाही.

‘पण माझा फोन तांदळाने वाचला’ असं शपथेवर सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी फोन बंद केला, एक-दोन दिवस हात लावला नाही, चार्जिंगला जोडला नाही. फोन त्यामुळे वाचला, श्रेय तांदळाला मिळालं. बंद फोन नुसता पंख्याखाली ठेवला असता तरी तेच घडलं असतं, भुकटीविना. पावसाळ्यात एसी असलेली खोली उत्तम, कारण एसी हवेतला ओलावा काढतो. एसी नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर ताज्या पुड्या घालून फोन ठेवावा. बुटांच्या खोक्यातून निघून वर्षभर कपाटात उघड्यावर पडलेल्या पुड्या चालणार नाहीत, त्या हवेतला ओलावा पिऊन आधीच भरलेल्या असतात.

‘गरम केलं की लवकर वाळेल’

हेअर ड्रायरची गरम हवा पाण्याची वाफ करते हे खरं. पण बंद फोनमध्ये ती वाफ जाणार कुठे? ती आत पसरते आणि कॅमेऱ्याच्या काचेमागे किंवा बोर्डाच्या थंड भागावर पुन्हा थेंब होऊन बसते. म्हणजे एका कोपऱ्यातलं पाणी आपण सगळ्या फोनभर वाटलं. वर फोनच्या कडा सांधणारा गोंद उष्णतेने सैल पडतो. दुकानात स्क्रीन उचकटण्यासाठी कारागीर मुद्दाम उष्णताच देतात. लिथियमच्या बॅटरीलाही ताप सोसत नाही: आयफोन ठेवण्याची कमाल मर्यादा ॲपल ४५ अंश सेल्सियस सांगतं, आणि ड्रायरची हवा किंवा उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो.

जोरजोरात झटकणं, तोंडाने फुंकणं, फ्रीजमध्ये ठेवणं, खाचेत कापसाची काडी घालणं हे सगळं टाळावं. खाच खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटला तर पुरतो. कंप पावणाऱ्या आवाजाने पाणी बाहेर काढणारी ॲप्स फक्त स्पीकरच्या पोकळीपुरती उपयोगाची आहेत. २०१६ च्या दुसऱ्या पिढीपासून ॲपल वॉचमध्ये ही सोय आहे, तीही स्पीकरसाठीच. स्क्रीनमागच्या पाण्याला त्या आवाजाने काही होत नाही, आणि ॲप वापरायचं म्हणजे ओला फोन चालू ठेवायचा. ते तर सर्वांत वाईट.

‘चालू आहे ना, मग झालं!’

या एका वाक्यामुळे जितके फोन जातात तितके पाण्यानेही जात नसतील.

निव्वळ शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण नळाचं, पावसाचं, ओढ्याचं पाणी शुद्ध नसतं, त्यात क्षार विरघळलेले असतात. पाण्याचं विद्युत विघटन सुरू व्हायला सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्ट पुरतात आणि फोनची बॅटरी ३.७ व्होल्टच्या आसपासची. एलसीडीच्या मागचे दिवे पेटवणारी वाहिनी तर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेजवर चालते, साधारण १५ ते ३० व्होल्ट. स्क्रीनची पट्टी बोर्डाला जिथे जोडलेली असते त्या जोडावर केसाएवढ्या अंतरावर पिना असतात. दोन पिनांमध्ये थेंब बसला आणि वीज चालू राहिली की एका पिनेचा धातू विरघळून दुसरीकडे सरकू लागतो. मिठाच्या पाण्यात हे काही मिनिटांत दिसू लागतं. नंतर तिथे हिरवट-पांढरं कीट चढतं, आणि ज्या फोनला ‘काही झालं नव्हतं’ तो दोन-तीन आठवड्यांनी लुकलुकायला लागतो.

म्हणून पहिलं काम फोन बंद करणं. पुसणं, वाळवणं त्यानंतर. चार्जर लावायचा नाही, ‘चालतोय का बघू’ म्हणून तासातासाला चालू करायचा नाही. मागचं झाकण निघत असेल तर बॅटरी काढावी. आजकालच्या फोनमध्ये बॅटरी आत कायमची असते आणि फोन बंद केला तरी बोर्डाच्या काही भागात वीज राहते, म्हणून ‘बंद’ हा पूर्ण बचाव नाही, पण सर्वांत मोठा आहे. टच मेला असल्यामुळे फोन बंदच करता येत नसेल, तर घरी बसू नका, लगेच दुरुस्तीवाल्याकडे जा. तो आधी बॅटरीची पट्टी सोडवेल. फोटो, संपर्क, कागदपत्रं कुठेच जतन केलेली नसतील तर ही घाई दुपटीने हवी.

समुद्राच्या पाण्याचं तर वेगळंच. त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं तरी मीठ तिथेच राहतं, आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून पुन्हा ओलं होतं. मालवणला किंवा कळंगुटला लाटेत भिजलेला फोन पावसाळ्यात कधीच पुरता वाळत नाही, तो याच कारणाने. इथे उपाय उलटा वाटेल असा आहे: पाणीरोधक मानांकन असलेला, काच न फुटलेला फोन खारट पाण्यात, सरबतात किंवा चहात भिजला तर तो आधी स्वच्छ पाण्याने हलकेच धुवून मग पुसायचा. मानांकन नसलेल्या फोनवर हा प्रयोग करू नये, तो थेट कारागिराच्या हाती द्यावा.

‘आयपी ६८ आहे, पोहायला नेला तरी चालतो’

आयपी मानांकन आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेलं आहे. शेवटचा अंक ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती हे कंपनीच ठरवते. म्हणून आयपी ६८ चा शिक्का असलेला एक फोन दीड मीटरचा असतो आणि दुसरा सहा मीटरचा. चाचणी नव्या फोनची, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. नळाची धार, साबणाचं पाणी, न्हाणीघरातली वाफ, समुद्र यांतलं काहीही त्यात येत नाही. फोन दोनदा पडला, कडेचा गोंद जुना झाला की ती ताकदही कमी होत जाते.

ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला याच कारणावरून १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. काही गॅलेक्सी फोन तलावात आणि समुद्रात बिनधास्त वापरता येतील असा समज जाहिरातींमधून करून दिला होता. ओल्या खाचेत चार्जर लावल्यावर ती खाच गंजण्याचा धोका मात्र होता. माझ्या मते हा निकाल योग्यच होता.

‘स्पिरिट ओतलं की पाणी निघून जातं’

दुरुस्तीची दुकानं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात हे खरं आहे. पृष्ठताण कमी असल्याने ते फटींत शिरून पाणी विस्थापित करतं, आणि पाण्याच्या आधी वाळतं. पण कारागीर ते फोन उघडून, बॅटरी सोडवून, बोर्ड बाहेर काढून ब्रशने लावतो. बंद फोनमध्ये ओतलेलं अल्कोहोल स्क्रीनच्या फिल्मपर्यंत पोचतं, गोंद मऊ करतं आणि पाण्याने न केलेला डाग स्वतः करतं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणीही बरंच असतं.

मागे राहिलेल्या फिकट डागाचं काय? बोर्ड आणि जोड स्वच्छ झाले असतील, टच नीट चालत असेल, तर तो डाग फक्त डोळ्याला खुपणारा आहे. पाणी उडालं तरी क्षारांची कड फिल्मवर उरते, ती बाहेरून काही करून जात नाही. फिल्म सुट्या करून पुसणं शक्य असतं, पण धूळ आणि बोटांचे ठसे आत जातात, म्हणून बहुतेक दुकानदार पूर्ण कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग, बदलायला सांगतात. केवळ डागासाठी तो खर्च करावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. स्क्रीन कडेने वर उचलली गेली असेल किंवा पाठ फुगली असेल तर मात्र ती बॅटरी फुगल्याची खूण आहे. असा फोन दाबून बसवू नये, चार्ज करू नये आणि त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावा.

दुकानातून फोन परत घेताना एक विचारावं: कडेचा सील नवा लावला का? उघडलेल्या फोनचा जुना गोंद पाणी अडवत नाही, मग मागे कितीही मोठं मानांकन छापलेलं असो. सील नवा नसेल तर पुढच्या पावसात तो फोन प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावा लागेल.