डोनेशन भरायचं की द्यायचं?

मंडळाच्या मदतनिधीसाठी फोन करताना आम्हा कार्यकर्त्यांची जीभ एका शब्दाशी हमखास अडखळते. तो शब्द म्हणजे डोनेशन. अमेरिकेत अगदी रोजचा, पण मराठी कानाला जरा खटकणारा. कारण उघड आहे. १९८३ पासून महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि 'डोनेशन' घराघरात पोचलं ते अ‍ॅडमिशनचं बोट धरून. "किती डोनेशन भरलं?" हे ज्यांनी ऐकलंय त्यांना जास्त सांगायला नको. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. शब्द मात्र तोच अर्थ घेऊन टिकला.

गंमत क्रियापदात आहे. मराठीत दान करतात, देणगी देतात, वर्गणी काढतात आणि डोनेशन 'भरतात', फी किंवा दंड भरावा तसं! वास्तविक 'दान' आणि ज्यावरून हा इंग्रजी शब्द आला ते लॅटिन 'दोनुम' ही एकाच मुळाची भावंडं. पण आपण पाहुण्याला भावाच्या पंगतीत न बसवता फीच्या रांगेत उभं केलं.

इथल्या इन्कम टॅक्सच्या नियमात अर्थ नेमका उलटा आहे. बदल्यात काही मिळालं तर तेवढी रक्कम डोनेशन नव्हेच. समजा, मदतनिधीच्या कार्यक्रमाचं तिकीट १०० डॉलर आणि त्यातल्या जेवणाची व नाटकाची वाजवी किंमत ४० डॉलर. मग डोनेशन झालं फक्त ६० डॉलर. अशी रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हा हिशोब संस्थेने लेखी कळवायचा असतो. आणि एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील, तर संस्थेच्या लेखी पोचपावतीशिवाय वजावट मागता येत नाही. नुसता वटलेला चेक दाखवून भागत नाही. तेव्हा मंडळी, आमची पावती फ्रिजवरच्या मॅग्नेटखाली विसरू नका!

श्रमदानाचं मात्र या हिशोबात काही खरं नाही. स्वयंपाकघरात दिवसभर पुऱ्या लाटल्यात तरी त्या वेळेची वजावट शून्य. सामान पोचवायला स्वतःची गाडी चालवलीत तर मैलामागे १४ सेंट, बस्स.

आता इंग्रजी तरी या शब्दाशी इमानदार आहे का? किडनीच्या बाबतीत आहे: १९८४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा इथे गुन्हा आहे. पण रक्तातला प्लाझ्मा द्यायला जा, सेंटरवाले चक्क पैसे हातात ठेवतात आणि त्यालाही 'डोनेशन'च म्हणतात. आपल्याकडे डोनेशन घेणाऱ्याने सीट दिली, इथे डोनेशन घेणारा डॉलर देतो.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फॉर्म आहे. त्यावर आम्ही मुद्दाम 'देणगी' छापलंय. चेकच्या मेमोत मात्र 'डोनेशन'च लिहा.