बोगदा कुठं अडतो? मोबाइलचं नेट आणि ऑफिसचा व्हीपीएन

(सालवड इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस व्हीपीएनवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. मी या विषयाकडे वळलो तो आमच्या शेजारच्या एका मुलीमुळे.

ती मुंबईच्या एका ऑफिसात बिलांचं काम करते. आठवड्यातले तीन दिवस घरून. इथून रिक्षाने बोईसर, तिथून लोकल, आणि चर्चगेट येईपर्यंत दोन-अडीच तास जातात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे घरून काम म्हणजे तिच्यासाठी चैन नाही, त्यावर नोकरी टिकून आहे. घरी केबलचं नेट नाही. फोनचा हॉटस्पॉट लावायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा, मग व्हीपीएन सुरू करायचा. व्हीपीएन जोडला जाई, हिरवी खूण येई, आणि बिलांची यादी उघडली की चक्र फिरत राही. साहेब म्हणाले, "व्हिडिओ कॉलला तुझं नेट चालतं, मग कामाच्या वेळेलाच कसं बंद पडतं?" पोरगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मी खोटं नाही हो बोलत."

आता साहेबांचं अनुमान तपासू. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे. हे बरोबर. पण उलटं म्हणता येत नाही, की अग्नी आहे म्हणजे धूर असणारच. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. तारापूर एमआयडीसीत भट्टीवर काम केलेल्यांना हे शिकवायची गरज नाही. तसंच इथे. व्हीपीएन चालला, तर नेट आहे हे नक्की. पण नेट आहे म्हणून व्हीपीएन चालेलच, असं नाही. व्हिडिओ कॉलचं टपाल एका रस्त्याने जातं, व्हीपीएनचं दुसऱ्या पद्धतीने.

पद्धत काय, ते बघा. साधं नेट म्हणजे लिफाफ्यात पत्र घालून पाठवणं. व्हीपीएनमध्ये तो लिफाफा आधी कुलूपबंद डब्यात जातो, आणि डबा आणखी एका लिफाफ्यात, ज्यावर फक्त ऑफिसच्या दरवाजाचा पत्ता. वाटेतल्या कुणाला आतलं दिसत नाही. याला बोगदा म्हणतात. पण लिफाफ्यात लिफाफा घातला की तो जाड होतो, हे लक्षात ठेवा.

लोक सरसकट म्हणतात, "व्हीपीएन चालत नाही." हे वाक्य म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं. तक्रारी तीन प्रकारच्या असतात, आणि तिन्हींची कारणं वेगळी.

पहिली तक्रार: जोडलंच जात नाही. आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा. तारीख चुकली तर सुरक्षेचं प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटतं आणि दार उघडत नाही. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी गेली की हे हमखास होतं. घड्याळ बरोबर असेल तर रस्ता बघायचा. मोबाइल कंपनी तुम्हाला स्वतंत्र पत्ता देत नाही. आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, आणि जगात उपकरणं त्याहून जास्त. म्हणून हजारो ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, चाळीत सगळ्यांना मिळून एकच टपालपेटी असावी तसं. कुणाचं पत्र कुणाला द्यायचं हे पोर्ट क्रमांकावरून ठरतं. आता आयपीसेक नावाच्या व्हीपीएनचा मूळ डबा पोर्ट क्रमांक लावतच नाही. म्हणून तो यूडीपी ४५०० या क्रमांकाच्या लिफाफ्यात घालून पाठवावा लागतो. ही सोय ऑफिसने बंद ठेवली असेल, किंवा वाटेत हा क्रमांक अडत असेल, तर जोडणी होत नाही. पीपीटीपी ही जुनी पद्धतही याच कारणाने रखडते. ती सुरक्षितही नाही. ॲपलने ती २०१६ मध्येच काढून टाकली. ऑफिसकडे टीसीपी ४४३ वरून जाणारा पर्याय असेल तर तो मागा. तो थोडा सावकाश चालेल, पण सुरक्षित वेबसाइटी त्याच क्रमांकाने येतात, त्यामुळे तो सहसा अडत नाही.

दुसरी तक्रार: जोडतं आणि तुटतं. त्या चाळीच्या पेटीवाल्याची स्मरणशक्ती कमी असते. तुम्ही चहाला उठलात, काही वेळ टपाल गेलं-आलं नाही, की तो तुमची नोंद पुसतो. यावर उपाय म्हणजे मध्ये मध्ये "मी आहे" म्हणणारं कोरं पाकीट पाठवत राहणं. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये त्यासाठी २५ सेकंदांचं अंतर सुचवलेलं आहे. दुसरं कारण, फोनने ४जीवरून ५जीवर उडी मारली किंवा नेट क्षणभर जाऊन परत आलं, की पत्ता बदलू शकतो. काही व्हीपीएन हा बदल सांभाळतात, काही नव्याने जोडावे लागतात. फोन एका जागी, खिडकीजवळ, चार्जरला लावून ठेवा. आणि हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडून बघा. वायफायचा एक दुवा कमी होतो.

तिसरी तक्रार आमच्या मुलीची: जोडलेलं दिसतं, पण काम होत नाही. नेटवर एका पाकिटाची नेहमीची मर्यादा १५०० बाइट. व्हीपीएनचं आवरण त्यात पन्नास-ऐंशी बाइट खातं. शिवाय आज अनेक मोबाइल नेटवर्कं आतून नव्या आयपीव्ही६ पद्धतीने चालतात. जुन्या पत्त्याचं पाकीट तिथून न्यायचं तर त्याचं भाषांतर होतं, आणि पत्त्याचा भागच २० बाइटने वाढतो. शेवटी पाकीट पेटीच्या फटीतून जाईना. नियम असा की वाटेतल्या यंत्राने "मोठं आहे, लहान करा" असा निरोप परत पाठवावा. पण पुष्कळ ठिकाणी हा निरोपच अडवलेला असतो. मग लहान पाकिटं जातात, म्हणून लॉगिन होतं, हिरवी खूण येते. मोठी पाकिटं गुपचूप नाहीशी होतात, म्हणून यादी येत नाही.

हे ओळखायचं कसं? आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात व्यतिरेकाची रीत मांडली. मतलब एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्या मुलीने आधी घाबरून सिम बदललं, व्हीपीएन काढून परत घातला, ब्राउझर बदलला, सगळं एकाच संध्याकाळी. त्यातून काहीच कळलं नाही. मी तिला म्हटलं, तोच लॅपटॉप, तोच व्हीपीएन घेऊन पालघरला मावशीकडे जा, तिच्याकडे केबलचं नेट आहे. तिथे यादी लगेच उघडली. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, पासवर्ड निर्दोष. फरक फक्त रस्त्याचा.

मग घरी हॉटस्पॉटवर, व्हीपीएन जोडून, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग केलं, ऑफिसच्या सर्व्हरला. वजा चिन्ह आणि इंग्रजी एफ, म्हणजे "पाकीट तोडू नका". मग वजा चिन्ह आणि एल, पुढे आकडा. त्या आकड्यात २८ बाइट मिळवायचे, शीर्षकाचे. आधी १०० घातले, उत्तर आलं. हे आधी बघायलाच हवं, कारण काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. १३७२ घातले, म्हणजे एकूण १४००. उत्तर नाही, नुसतं "वेळ संपली". १२७२ घातले, उत्तर आलं. म्हणजे फट १३०० आणि १४०० च्या मध्ये कुठेतरी.

लॅपटॉप ऑफिसचा, त्यामुळे सेटिंगला आम्ही हात लावला नाही. तिने ऑफिसच्या आयटी विभागाला पाच ओळी लिहिल्या: कोणतं नेट, किती वाजता, केबलवर चालतं आणि मोबाइलवर नाही, १३०० जातं, १४०० जात नाही. त्यांनी व्हीपीएनची एमटीयू मर्यादा कमी केली. काम सुरू झालं. पुढे कळलं की आणखी दोघांची तीच अडचण होती. ते बिचारे रोज लोकलने जात होते.

एका श्रोत्याने विचारलं: "सर, फोनमध्येच व्हीपीएन चालू केला तर लॅपटॉपला लागू होईल ना?" सहसा नाही. अँड्रॉइड फोनमधला व्हीपीएन फोनपुरता असतो, हॉटस्पॉटवरचा लॅपटॉप त्याच्या बाहेरून जातो. आणि कृपा करून ऑफिसच्या कामाला कुठलाही फुकटचा व्हीपीएन उतरवून घेऊ नका. डबा कुणाच्या हातात देतोय हे माहीत नसेल तर कुलपाला अर्थ नाही.

दुसऱ्यांनी विचारलं: "हे सगळं आम्हाला जमलं नाही तर?" मग एवढंच करा. तीन तक्रारींपैकी आपली कोणती, ते ठरवा. दुसऱ्या नेटवर तोच लॅपटॉप एकदा लावून बघा. दोन्ही गोष्टी वेळेसकट लिहून पाठवा. "चालत नाही" एवढंच लिहिलं की समोरच्याला बहाणा वाटतो. "इथे चालतं, तिथे नाही" असं लिहिलं की त्याला शोध घ्यावाच लागतो.

त्या मुलीला साहेबांनी नंतर काही म्हटलं नाही. माफीही मागितली नाही, म्हणा. पण ती अजून आठवड्यातले तीन दिवस सालवडमधूनच काम करते आहे.